सोलापुरात ख्रिस्ती घरी नाताळला पहिल्यांदा जाताना

नोकरीनिमित्त सोलापुरात आलो तेव्हा मला खोली मिळाली ती एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर. मी परांड्याकडचा, माळकरी घरातला. ख्रिस्ती म्हटलं की डिसेंबरातली एक सुट्टी आणि टीव्हीवरचा लाल टोपीवाला म्हातारा, एवढीच माझी ओळख. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. त्यांना सगळी गल्ली आत्या म्हणते. म्हणाल्या, "पंचवीसला कुठं जाऊ नका ओ. सकाळी आमच्याबरोबर चर्चला यायचं, मग जेवायला खालीच." मी "बरं" म्हणालो आणि वर जाऊन घाबरलो. काय घालायचं, काय न्यायचं, सगळे प्रार्थनेला उभे राहिले की आपण काय करायचं? विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळं पहिल्या वर्षी करता येतील तेवढ्या चुका केल्या. त्यानंतर सहा नाताळ झाले. आता ऑफिसात बदलून आलेली पोरं मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आमंत्रण आलं की आधी विचारून घ्या

ख्रिस्ती म्हणजे गोव्याकडून आलेलं, घरात इंग्रजी बोलणारं कुणीतरी, ही समजूत आधी काढून टाका. आत्यांच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था. तिचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं झालं आणि १८६०च्या दशकात ते सोलापूरपर्यंत आले. त्यांनी इथं शाळा काढल्या. जुनी माणसं बोलता बोलता अजून 'मिशन कंपाउंड' म्हणतात ते त्यातलंच. पुढं २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एखाद्या चर्चच्या पाटीवर सी.एन.आय. ही अक्षरं दिसली तर ती त्याची.

हे सांगायचं कारण, "तुमचं चर्च कुठलं?" हा पहिला प्रश्न आहे आणि त्यावर बरंच काही ठरतं. कॅथलिक घर असेल तर उपासनेला मिस्सा म्हणतात, ती चालवणारे ते फादर, आणि चोवीसच्या रात्रीची मिस्सा ही मोठी. आमच्या आत्यांसारखं प्रोटेस्टंट घर असेल तर पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी पाळकीणबाई, आणि पंचवीसच्या सकाळची उपासना सगळ्यात भरलेली. 'मंडळी' हा शब्द इथं त्या चर्चच्या सगळ्या लोकांसाठी वापरतात. "मंडळीत विचारून सांगतो" असं काका, म्हणजे आत्यांचे मिस्टर, म्हणाले की बायकोला विचारून सांगतायत असं समजू नका. मी समजलो होतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. सोलापूरच आहे हे. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते, तेव्हा उपासना कुठल्या भाषेत आहे हे विचारलेलं बरं.

तिसरं, खाण्याचं आधीच सांगून टाका. नाताळच्या जेवणात मटण असतंच असं धरून चाला. मी माळकरी असल्याचं चोवीसच्या रात्री सांगितलं. आत्यांनी कपाळाला हात लावला आणि बारा वाजता शेंगदाणे भाजायला घेतले. आठवडाभर आधी सांगितलं असतं तर बिचाऱ्यांची झोप वाचली असती. केकमध्ये अंडं असतं, आणि काही घरांत मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात. चालत नसेल तर विचारा. यात कुणालाच वाईट वाटत नाही. ताटात वाढल्यावर "हे नको, ते नको" सुरू केलं की वाटतं.

नाताळच्या आधीचे दिवस

सण पंचवीसला येतो हे कॅलेंडरचं म्हणणं. घरात तो चार रविवार आधीच सुरू होतो. त्याला आगमनकाळ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी पडतो, आणि दर रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती वाढत जाते. घरी गॅलरीत कागदाची चांदणी लागते, खाली स्वयंपाकघरात करंज्या, चकल्या, शंकरपाळी तळायला सुरुवात होते. वास थेट दिवाळीचा. पहिल्या वर्षी मी जिन्यात उभा राहून तारीख तपासली होती.

मग एका रात्री अकराच्या सुमारास दारात ढोलकी वाजते. घाबरू नका, कॅरोलची मंडळी आहेत. चर्चमधली तरुण पोरं-पोरी, एकाच्या हातात गिटार, एकाच्या काठीला चांदणी, आणि स्वेटरवर लाल झगा चढवलेला कुणीतरी सांताक्लॉज, जो बहुधा दहावीतला असतो. ते घरोघरी जाऊन येशूजन्माची गाणी म्हणतात. यजमान त्यांना चहा आणि फराळ देतात, पाकीट देतात, शेवटी छोटी प्रार्थना होते. तुम्ही वर राहत असाल तर दार उघडून जिन्यात या. ऐकत उभं राहिलात तरी पुरे. टाळ्या मात्र तालावरच वाजवा, गाणं संपल्यावर नाटकातल्यासारखा कडकडाट करू नका. सगळे वळून बघतात.

काय न्यायचं, काय नाही

केक नेऊ नका. मी नवी पेठेतून चांगला मोठा, वर गुलाबी फूल असलेला केक नेला होता. आत्यांनी हसून घेतला आणि ठेवायला फ्रीज उघडला. आत आधीच पाच केक, फ्रीजवर दोन, आणि भांड्यांच्या मांडणीत एक. जानेवारीच्या चार तारखेपर्यंत तो केक मला रोज चहाबरोबर परत मिळत होता.

फळं न्या, लहान मुलांना काहीतरी न्या, आजी-आजोबा असतील तर सोलापुरी चादर किंवा चांगला टॉवेल. इथल्या माणसाला इथलीच चादर काय द्यायची असं वाटेल, पण घरात पाहुणे आलेले असताना पांघरुणं कमीच पडतात आणि डिसेंबरच्या पहाटे सोलापूरसुद्धा गारठतं. हुरड्याचे दिवस असतात. गावाकडून कोवळी कणसं आणता आली तर त्यासारखं काही नाही.

एक गोष्ट जपून. देवळातला प्रसाद किंवा नैवेद्य दाखवलेलं गोड नेताना आधी विचारा. पुष्कळ ख्रिस्ती घरांत दुसऱ्या देवाला वाहिलेलं खात नाहीत. काही घरांत आनंदाने खातात. काही जण तुमचं मन राखायला हातात घेतील आणि मग कुठं ठेवायचं या पेचात पडतील. तो पेच त्यांच्यावर आणू नका. तसंच हळदी-कुंकवाचं. निघताना आत्यांना कुंकू लावायला माझ्या एका सहकाऱ्याची बायको पुढं झाली, आणि आत्या पटकन तिचे दोन्ही हात हातात धरून म्हणाल्या, "ये गं, जपून जा." कुणाला काही कळलं नाही. पण दरवेळी समोर आत्यांइतकं चपळ माणूस असेलच असं नाही.

कपडे साधे, स्वच्छ, जमलं तर नवे. तिथं सगळे नव्या कपड्यांत असतात, बायका रेशमी साड्यांत. प्रार्थनेच्या वेळी पुष्कळ जणी डोक्यावर पदर घेतात. पुरुषांचं उलटं, टोपी काढायची. आपल्याकडं देवासमोर टोपी घालतात, इथं उतरवतात. गावाकडून वडील किंवा सासरे बरोबर येणार असतील तर त्यांना हे आधीच सांगा. ऐन वेळी कुणी "टोपी काढा" म्हटलं तर म्हातारा माणूस दुखावतो.

चर्चमध्ये

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. नाताळला रंगभवनकडून सात रस्त्याकडं गाडी हाकणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. चपला काढायच्या का? उंबऱ्याशी बघा. चपलांचा ढीग असेल तर काढा, नसेल तर घालून आत जा. शहरातल्या जुन्या चर्चमध्ये बाकं असतात आणि लोक पायताण घालूनच बसतात, छोट्या प्रार्थनाघरात सतरंजीवर बसायचं असलं तर अर्थातच बाहेर.

यजमानांच्या शेजारीच बसा. एकटे गेलात तर मधल्या रांगेत बसा. माझी दुसरी चूक अशी की मी लाजून अगदी शेवटच्या बाकावर बसलो. मग कधी उभं राहायचं हे कळेना, कारण पुढं फक्त पाठी दिसतात आणि शेजारी लहान पोरं घेतलेल्या आया, ज्या केव्हाही उभ्या असतात.

क्रम साधारण असा चालतो. गाणं, प्रार्थना, पापांगीकार म्हणजे आपल्या चुका देवापुढं कबूल करणं, पवित्र शास्त्राचं म्हणजे बायबलचं वाचन, पुन्हा गाणी, पाळकसाहेबांचा संदेश, अर्पण, सूचना, काही ठिकाणी प्रभुभोजन, आणि शेवटी आशीर्वाद. दीड-दोन तास धरा. सूचना लांबतात. कुठल्याही धर्मात सूचना लांबतात.

गाण्यांसाठी 'उपासना संगीत' नावाचं पुस्तक असतं. पुढून गीताचा क्रमांक सांगतात, शेजारचा माणूस ते पान काढून तुमच्यापुढं धरतो. इथं मी खरा हबकलो. मला वाटलं होतं इंग्रजी चालीची गाणी असतील, तशी काही होतीही. पण तिसऱ्या गाण्याला पेटी आणि तबला सुरू झाला, मागून टाळ आले, आणि माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. चाल अभंगाची. खाली कवीचं नाव नारायण वामन टिळक. रेव्हरंड टिळक कोकणातले, १८६१चा जन्म, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. हे मला काकांनी नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मी फक्त एवढंच बघत होतो की माझ्या आजोबांच्या भजनातली चाल एका चर्चमध्ये चालू आहे आणि ती माझ्याशिवाय सगळ्यांना पाठ आहे.

वाचनात लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या एका येशूचरित्राचा, दुसरा अध्याय बहुधा येतोच. मरीया आणि योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमला येतात, उतारशाळेत जागा नसते, आणि बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतात. बाळंतं, गव्हाणी, उतारशाळा. ज्यानं कुणी हे भाषांतर केलं त्यानं गोठा जवळून पाहिला होता. चर्चच्या एका कोपऱ्यात तोच देखावा मांडलेला असतो, कडब्याच्या पेंढ्या लावून. असा देखावा मांडायची रीत इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये संत फ्रान्सिसांनी घातली असं सांगतात. आमच्याकडच्या देखाव्यात गाढवाशेजारी एक खिलारी बैल होता, शिंगं रंगवलेला. कुणाच्या तरी बेंदराच्या सामानातून आला असावा.

पूर्वेकडचे ज्ञानी लोक, ज्यांना आपण 'तीन राजे' म्हणतो, ते मत्तयच्या शुभवर्तमानात येतात आणि तिथं ते तीन होते असं कुठंच लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसं तीन झाली. आणि २५ डिसेंबर ही तारीखही शास्त्रात नाही. रोममध्ये इ.स. ३३६च्या सुमाराला ती पाळली जात होती, तिथून ती आली. हे मी एकदा मोठ्या शहाणपणानं काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "माहीत आहे की. तुमच्या आईला तुमची तिथी आठवते का तारीख?"

मग एका क्षणी सगळे उभे राहतात आणि पुस्तकाशिवाय एका सुरात म्हणायला लागतात, "हे आमच्या स्वर्गातील पित्या…" ही प्रभूची प्रार्थना. येशूनं शिष्यांना शिकवलेली. त्यात एक ओळ आहे, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. इंग्रजीत तिथं पाव आहे. मराठीत भाकर झाली आणि ती सोलापुरात येऊन ज्वारीची झाली. माझ्या शेजारी मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी उभे होते, मालदांडी पिकवणारे. त्यांनी ती ओळ जरा जोरात म्हटली असं मला वाटलं. त्या दिवशीच्या संदेशातही पाळकसाहेबांनी सांगितलं की बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच भाकरीचं घर असा आहे.

अर्पणाच्या वेळी रांगेतून एक मखमली थैली फिरते. पाहुण्यावर सक्ती नसते. घालायचं असेल तर नोटेची घडी करून मुठीतच आत न्यायची, दाखवायचं काही नाही. सुट्टे पैसे आधीच खिशात ठेवा. मी पाचशेची नोट घालून चारशे परत काढावेत का, या विचारात ती थैली अख्ख्या बाकावर अडवून धरली होती.

आता प्रभुभोजन. शेवटच्या रात्री येशूनं शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि द्राक्षरस दिला, त्याची ही आठवण. भाकरीचा लहान तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. हा खाऊ नाही आणि प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचाही नाही. तो बाप्तिस्मा झालेल्या, त्या मंडळीच्या रीतीप्रमाणे पात्र असलेल्यांसाठी असतो. कॅथलिक मिस्सेतही तसंच, तिथं तर नियम आणखी काटेकोर. तुम्ही बाकावर शांत बसून राहायचं, बाहेर पडणाऱ्यांना गुडघे वळवून वाट द्यायची. कुणी तुमच्याकडं 'हा का नाही उठला' अशा नजरेनं बघत नाही. चुकून रांगेत लागलात तरी जगबुडी होत नाही, पण पाळकसाहेब थांबतील, तुम्हाला ओळखायचा प्रयत्न करतील, आणि त्या चार सेकंदांत तुम्ही घामेजून जाल.

उपासना संपली की एकमेकांना "नाताळच्या शुभेच्छा" म्हणत हात मिळवतात. जुनी माणसं "जय ख्रिस्त" किंवा नुसतं "सलाम" म्हणतात. तुम्ही नमस्कार केलात तरी ते नमस्कारच करतात.

माळेचं काय केलं

हे सगळं बाहेरचं झालं. आतलं जास्त अवघड असतं, आणि ते कुठंच लिहिलेलं सापडत नाही.

पहिल्या वर्षी चर्चला निघताना मी गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सारली आणि वरचं बटण लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून, की आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, मलाच ठाऊक नव्हतं. दिवसभर बटण गळ्याला टोचत होतं. जेवायला बसलो तेव्हा काकांचं लक्ष गेलं. म्हणाले, "बटण काढा की. आमच्या घरी यायला माळ लपवावी लागती व्हय?" मी बटण काढलं. विषय तिथंच संपला, ते लोणच्याकडं वळले.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो आणि तुम्हालाही तोच सांगेन. जे मनातून करता येईल ते करा, जे येणार नाही ते करू नका, आणि दोन्हीचा गाजावाजा नको. सगळे उभे राहिले की उभं राहा, हा आदर झाला. डोळे मिटून गप्प बसता येतं, त्याला कुठल्याच धर्माची हरकत नाही. गाणं आवडलं तर म्हणा. पण ज्या ओळीत 'मी मानतो' असं येतं, विश्वासांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा सगळे मिळून बोलून दाखवतात त्यात येतं तसं, ती ओळ तुम्ही मानत नसाल तर ओठ हलवू नका. मी तिथं गप्प उभा राहतो. पाहुण्यानं खोटं बोलून यजमानाचा देव खूश होत नसतो, यजमानही नाही.

संदेशात कधीतरी येशू हाच एक मार्ग असं वाक्य येतं. मी तिथं अडतो. विठ्ठलाच्या दारात वाढलेला माणूस अडणारच. दुसऱ्या वर्षी हे मी काकांना सरळ सांगितलं. वाटलं, रागावतील. काका म्हणाले, "मग पाळकसाहेबांनाच विचारा की. दुपारी येतायत बिर्याणीला. जेवताना चांगली उत्तरं देतात." विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, मला निम्मं पटलं, निम्मं नाही. पुढच्या वर्षी आम्ही तिथूनच पुढं सुरू केलं.

आणि हो, घरचे विचारतीलच. माझ्या चुलत्यांनी फोनवर विचारलं, "तुला बाटवत्यात का काय?" सहा वर्षांत त्या घरात मला कुणी धर्म बदल म्हटलेलं नाही. एकदा एका दुसऱ्याच कार्यक्रमात एका बाहेरगावच्या प्रचारकांनी हातात पत्रक दिलं आणि पाठ सोडेनात. मी "मी पाहुणा म्हणून आलोय, पत्रक वाचेन" एवढंच म्हणालो आणि चहाकडं गेलो. अशा वेळी वाद घालू नका, माफीही मागू नका. चहा सगळ्या धर्मांत असतो.

घरी, ताटावर

दुपारच्या जेवणाला आत्यांकडं तीस-पस्तीस माणसं असतात. पुरुषांची पंगत गॅलरीत, बायका आत, पोरं जिन्यावर. एका पातेल्यात काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, एकीकडं बिर्याणी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि कोपऱ्यात झाकण ठेवलेलं एक वेगळं पातेलं. त्याच्यावर आत्यांनी खडूनं 'वरचे' असं लिहिलं होतं. वरचे म्हणजे मी. आत वांग्याची भाजी. तिला वेगळा डाव, वेगळी पळी. माझी आईसुद्धा एवढं सोवळं पाळत नाही.

वाढून झालं तरी हात लावू नका. आधी प्रार्थना. हे विसरलात तर तोंडात घास आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले, अशी अवस्था होते, आणि कडक भाकरी चावताना आवाज होतो, हे मी अनुभवानं सांगतो.

प्रार्थना घरातला सगळ्यात मोठा माणूस करतो. आमच्याकडं काकांचे वडील, तेव्हा नव्वदीच्या घरात. ते कुठलं पुस्तक उघडत नाहीत. देवाशी समोर बसल्यासारखं बोलतात, हळू, मधे थांबत. अन्नाबद्दल आभार, पावसाबद्दल आभार, बंद पडलेल्या गिरणीतल्या जुन्या सोबत्यांची आठवण, पुण्याला आयटीत असलेल्या नातीसाठी, तिच्या पोटातल्या बाळासाठी, गल्लीतल्या दोन भांडणाऱ्या भावांसाठी, नाव घेऊन. रश्श्यावर तवंग धरायला लागला. एका पोरानं चकली मोडल्याचा बारीक आवाज आला. आणि मग आजोबा म्हणाले, "प्रभू, वर राहणारं हे लेकरू आपल्या आईपासून लांब आहे. त्या माउलीचा गुडघा दुखतो. तिला जिना चढता येऊ दे."

मी आईच्या गुडघ्याबद्दल आत्यांना एकदाच बोललो होतो, भाडं देताना, महिन्याभरापूर्वी.

सगळे "आमेन" म्हणाले. मी म्हणालो की नाही, आठवत नाही. घशात काहीतरी आलं आणि मी पाण्याचा तांब्या उचलला.

अशा वेळी काय करायचं हे मला अजून नीट सांगता येत नाही. तुमच्या माणसासाठी कुणी दुसऱ्या देवाकडं काही मागितलं, तर ते कुठं पोचतं? मी रात्री खोलीत बराच वेळ यावर पडून विचार केला. आमच्या घरी रोज हरिपाठ होतो, शब्द ठरलेले, शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेले. आईच्या गुडघ्याचं नाव त्यात कधी यायचं नाही, आणि मी ते घ्यावं असं मला कधी सुचलंही नव्हतं. त्या रात्री हरिपाठ म्हटला, बऱ्याच महिन्यांनी. संपल्यावर तसाच बसून राहिलो आणि मग, कुणी ऐकत नाही ना हे बघून, गुडघ्याचं सांगितलं.

एवढ्यासाठीच सांगतो, नाताळच्या रात्री दुसरा कार्यक्रम ठेवू नका. सिनेमाला जाऊ नका, गावाकडची रात्रीची एसटी धरू नका. दिवसभर कानावर पडलेलं आत कुठंतरी बसायला वेळ लागतो. लिहायची सवय असेल तर चार ओळी लिहा, काय आवडलं, कुठं अडलो, काय विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी त्या वहीचा उपयोग होतो.

निघताना

रात्री आत्या स्टीलचा डबा भरून देतात, करंज्या, चकली, शंकरपाळी, आणि तुम्ही आणलेलाच केक. नाही म्हणू नका, उपयोग नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मराठी माणसाला शिकवायला नको. पण तो कशानं भरायचा, हे वर प्रसादाबद्दल लिहिलं ते लक्षात ठेवून ठरवा.

माझा डबा संक्रांतीपर्यंत राहिला. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा होती, म्हणून आई पहिल्यांदाच सोलापूरला आली. जिना तिनं कठड्याला धरून चढला, दोनदा थांबून. संध्याकाळी तिळाचे लाडू वळून झाल्यावर ती नैवेद्याचं ताट मांडायला लागली, आणि मला सांगायचं होतं ते सांगायच्या आधीच म्हणाली, "तो त्यांचा डबा आण आधी. त्यांचे लाडू नैवेद्य दाखवायच्या आत बाजूला काढू दे."

मी डबा घेऊन खाली गेलो. आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. डबा हातात घेतला, उघडला नाही. विचारलं, "चढल्या का जिना?"